पित्तनलिकेची दुरुस्ती : पहिली संधी वाया जाऊ नये
(वाचकांचे प्रश्न, शल्यचिकित्सकांची उत्तरं)

पित्ताच्या खड्यांवरच्या लेखानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच काळजीची होती : पित्ताची पिशवी काढताना यकृतातून येणारी मुख्य नळीच दुखावली, आता पुढे काय? म्हणून या वेळचं सदर त्यासाठीच ठेवलं आहे. ज्यांचा प्रश्न तातडीचा होता त्यांना उत्तर आधीच कळवलं आहे. नावं अर्थातच छापलेली नाहीत.

उत्तरांआधी शरीररचनेबद्दल थोडंसं. यकृत रोज साधारण ६०० ते ८०० मिलिलिटर पित्त तयार करतं. यकृताच्या उजव्या आणि डाव्या भागातून एकेक नळी बाहेर येते, त्या दोन्ही यकृताच्या दाराशी एकत्र होतात आणि तिथून एकच मुख्य नळी खाली उतरून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, म्हणजे ड्युओडेनममध्ये, उघडते. पित्ताशय या रस्त्याच्या कडेला आडफाट्यासारखं लटकलेलं असतं. पिशवीची स्वतःची आखूड नळी (सिस्टिक डक्ट) मुख्य नळीला मिळते. पिशवी काढून टाकली तरी माणसाचं काही अडत नाही, पण मुख्य नळीला पर्याय नाही. आणि ही मुख्य नळी निरोगी माणसात जेमतेम पाच-सहा मिलिमीटर जाडीची, शिसपेन्सिलीहूनही बारीक असते. पुढचे सगळे प्रश्न या बारीकपणातून येतात.

प्रश्न : माझ्या पत्नीचं (वय ४२) दुर्बिणीतून पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी पोट फुगलं, डोळे पिवळे झाले. पोटात ठेवलेल्या नळीतून रोज साडेतीनशे-चारशे मिलिलिटर हिरवट पिवळं पाणी येतं. मुख्य नळी कापली गेली असावी, असं डॉक्टर स्वतःच म्हणाले आणि उद्याच पोट उघडून जोडून देतो, असंही म्हणाले. दुसरे एक सर्जन म्हणतात, आत्ता हात लावू नका, दीड-दोन महिने थांबा. पोटात पित्त गळत असताना दोन महिने थांबायचं कसं? – एक वाचक, बार्शी

उत्तर : थांबा म्हणणाऱ्यांचं ऐका. थांबायचं म्हणजे हातावर हात धरून बसायचं असं मात्र नाही. या काळात करायची कामं भरपूर आहेत आणि ती आजपासूनच सुरू व्हायला हवीत.

पहिलं काम, गळणारं पित्त बाहेर काढणं. पोटात साठलेलं पित्त लवकरच जंतुसंसर्गित होतं, आणि रुग्णाच्या जिवाला पहिल्या आठवड्यात धोका असतो तो या संसर्गाचा. कॉन्ट्रास्ट देऊन सीटी स्कॅन करा. जिथे पित्ताचं तळं साठलेलं दिसेल तिथे सोनोग्राफी किंवा सीटीच्या मदतीने बारीक नळी (पिगटेल) घालून ते रिकामं करता येतं. त्यासाठी पोट उघडावं लागत नाही. सीटीत आणखी एक गोष्ट आवर्जून पाहायला सांगा : यकृताची उजवी धमनी शाबूत आहे का. मुख्य नळी कापली जाते तेव्हा तिच्या मागूनच जाणारी ही धमनी बऱ्याच रुग्णांत सोबत दुखावलेली असते. तसं असेल तर दुरुस्तीचा सगळा आराखडा बदलतो.

दुसरं काम, गळती नेमकी कुठून आहे ते शोधणं. एमआरसीपी या तपासणीत दुर्बीण न घालता पित्तनलिकांचा पूर्ण नकाशा मिळतो. कधीकधी मुख्य नळी धडधाकट असते आणि पिशवीच्या कापलेल्या देठावरची क्लिप सरकल्याने पित्त गळत असतं. अशा वेळी ईआरसीपी करून, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून, नळीत प्लॅस्टिकचा स्टेंट ठेवला की पित्ताला आतड्याकडे जायला सोपी वाट मिळते. गळती थांबते आणि चार ते सहा आठवड्यांनी स्टेंट काढतात. तिथे मोठ्या शस्त्रक्रियेची गरजच पडत नाही. मुख्य नळी पूर्ण तुटली असेल तर मात्र ईआरसीपीचा उपयोग होत नाही, कारण खालून चढवलेली तार तुटलेल्या जागेशीच अडते.

सर्जन या दुखापतींची वर्गवारी १९९५ सालच्या स्ट्रासबर्ग पद्धतीने करतात. 'ए' म्हणजे देठाची किंवा बारीक फांदीची गळती, 'डी' म्हणजे मुख्य नळीला बाजूने पडलेलं भोक, 'ई' म्हणजे मुख्य नळी पूर्ण तुटणं किंवा बंद होणं. 'ई'चे पुन्हा एक ते पाच प्रकार आहेत. पहिल्या चारांत आकडा वाढत जातो तशी दुखापत यकृताच्या दाराच्या जवळ सरकत जाते आणि दुरुस्ती अवघड होते. तुमच्या पत्नीच्या कागदांवर यांपैकी काय लिहिलं आहे ते विचारा. काहीच लिहिलेलं नसेल तर नकाशा अजून पूर्ण झालेला नाही, आणि नकाशा नसताना कोणीही पोट उघडायला निघू नये.

आता 'उद्याच' का नको ते सांगतो. आज त्या जागेच्या पेशी पित्ताने भाजून सुजलेल्या आहेत. ओल्या कागदात टाका घातल्यावर तो जसा फाटतो, तसा इथे टाका फाटतो. पित्त बाहेर गळून जात असल्याने नळीही फुगलेली नाही, चार-पाच मिलिमीटरची आहे. शिवाय कापलेल्या टोकाचा रक्तपुरवठा कुठवर टिकला आहे हे या टप्प्यावर डोळ्यांना कळत नाही. आज गुलाबी दिसणारं टोक महिन्याभरात आकसतं आणि त्यावर केलेला जोड बंद होतो. सहा ते आठ आठवड्यांनी, काही रुग्णांत तीन महिन्यांनी, सूज ओसरलेली असते आणि टोकाची मर्यादा ठरलेली असते.

याला अपवाद आहे. दुखापत ऑपरेशन चालू असतानाच किंवा पहिल्या दोन-तीन दिवसांत लक्षात आली, संसर्ग नाही, धमनी शाबूत आहे आणि या कामात मुरलेला सर्जन हजर आहे, तर लगेच दुरुस्ती करता येते. या चारही अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात. तुमच्या पत्नीला कावीळ आहे, पोट फुगलेलं आहे, म्हणजे ती वेळ टळून गेली आहे.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. पहिली दुरुस्ती हीच खरी संधी असते. ती फसली की दुसऱ्या वेळी नळीचा आणखी एक तुकडा गेलेला असतो आणि जोड यकृताच्या आणखी आत सरकतो. अमेरिकेत १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, ज्याच्या हातून नळी दुखावली त्याच सर्जनने केलेल्या दुरुस्त्यांपैकी १७ टक्के यशस्वी ठरल्या होत्या. पित्तमार्गाचं काम नेहमी करणाऱ्यांच्या हाती हाच आकडा ९४ टक्के होता. तुमचे डॉक्टर मनाने वाईट नाहीत, त्यांना झालेली चूक निस्तरायची आहे हे दिसतंच. पण आत्ता त्यांनी करण्याजोगी सर्वांत मोठी मदत म्हणजे ऑपरेशनची टिपणं आणि व्हिडिओ देऊन, पोटात ठेवलेली नळी नीट वाहते आहे याची खात्री करून रुग्णाला योग्य ठिकाणी पाठवणं.

प्रश्न : नळी तुटली आहे तर दोन टोकं एकमेकांना जोडून का टाकत नाहीत? आतडं वर आणून नळीला जोडण्याचा एवढा खटाटोप कशाला? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : पाण्याच्या पाइपासारखं वाटतं खरं, पण पाइपाला रक्त लागत नाही. पित्तनलिकेला लागतं, आणि ते तिच्या दोन्ही कडांनी धावणाऱ्या केसासारख्या बारीक धमन्यांतून येतं. घड्याळाच्या तबकडीवर तीन आणि नऊ जिथे असतात, तिथे या धमन्या असतात. त्यांतलं साधारण साठ टक्के रक्त खालून, ड्युओडेनमच्या बाजूने वर चढतं. नळी मधोमध कापली की वरच्या तुकड्याचा मुख्य पुरवठाच तुटतो. त्यात क्लिपा आणि विजेचा चटका यांनी आणखी भाग जळालेला असतो. बहुतेक वेळा नळीचा तुकडा पिशवीसोबत कापून गेलेला असतो, त्यामुळे टोकं जवळ आणली तर ताण येतो. रक्त कमी आणि ताण जास्त असला की जोड काही महिन्यांत आकसतो. स्वच्छ, धारदार कात्रीने कापली गेलेली, तुकडा न गमावलेली नळी त्याच टेबलावर टोकाला टोक जोडता येते, पण असा रुग्ण क्वचितच मिळतो.

म्हणून दुरुस्ती वर, यकृताच्या दाराशी करतात. तिथल्या नळीला यकृताकडून स्वतंत्र रक्त मिळतं. आतडं मऊ, लांब, भरपूर रक्त असलेलं, हवं तिथे ओढून नेता येणारं असतं. ताण न येता वरपर्यंत पोचणारं पोटात दुसरं काही नाही.

प्रश्न : माझ्या भावाची 'हिपॅटिकोजेजुनोस्टॉमी' पुढच्या महिन्यात ठरली आहे. डॉक्टरांनी कागदावर 'वाय' आकाराचं चित्र काढून दाखवलं, पण घरी आल्यावर कोणालाच नीट सांगता येईना. त्या चार-पाच तासांत नक्की काय करतात? – एक वाचक, अमरावती

उत्तर : हिपॅटिकोजेजुनोस्टॉमी म्हणजे यकृताची नळी लहान आतड्याला जोडणं. ते चित्र जपून ठेवा, त्यात सगळं आहे. आम्ही क्रमाने सांगतो.

उजव्या बरगडीच्या कडेने तिरका छेद घेतात, गरज पडली तर तो डावीकडे वाढवतात. पहिला तास-दीड तास बहुधा चिकटलेले अवयव सोडवण्यातच जातो. मोठं आतडं, ड्युओडेनम आणि पोटातला चरबीचा पडदा जुन्या जखमेवर येऊन यकृताच्या पोटाला घट्ट चिकटलेले असतात. घाई केली तर इथे आतड्याला भोक पडतं.

मग नळी शोधायची. यकृताच्या दाराशी एक जाड पापुद्रा असतो, तो यकृतापासून हलकेच खाली उतरवला की डावी नळी उघडी पडते. उजवी नळी बाहेर जेमतेम एक सेंटिमीटर असते, डावी मात्र दोन ते तीन सेंटिमीटर यकृताच्या बाहेरून आडवी धावते. हेप आणि क्विनो या फ्रेंच शल्यचिकित्सकांनी १९५६ साली याच डाव्या नळीचा फायदा घ्यायला शिकवलं. बारीक सुईने ओढून पाहतात. पित्त आलं तर ती नळी, रक्त आलं तर ती शीर. खात्री झाली की नळीच्या पुढच्या भिंतीला आडवा छेद देतात आणि तो डाव्या नळीवर लांबवतात. मागची भिंत मोकळी करत नाहीत, कारण रक्तपुरवठा जपायचा असतो. अशा तऱ्हेने पाच मिलिमीटरच्या नळीला दोन-अडीच सेंटिमीटरचं तोंड मिळतं. दुरुस्ती टिकणार की नाही ते बरंचसं या तोंडाच्या रुंदीवर ठरतं.

उजव्या आणि डाव्या नळीचा संगमच उद्ध्वस्त झाला असेल तर दोन वेगळी तोंडं मिळतात. ती जवळ आणून एकत्र शिवतात किंवा दोन वेगळे जोड करतात. यकृताची कोणतीही फांदी जोडाबाहेर राहता कामा नये. राहिली तर त्या भागात पित्त तुंबून संसर्ग होत राहतो.

आता आतडं. लहान आतड्याचा दुसरा भाग, जेजुनम, जिथे सुरू होतो तिथून वीस-तीस सेंटिमीटरवर ते स्टेपलरने कापतात. खालचं टोक मोठ्या आतड्याच्या पडद्याला खिडकी करून तिच्यातून वर, यकृतापर्यंत नेतात. हा झाला 'वाय'चा एक हात. त्याची लांबी पन्नास ते साठ सेंटिमीटर ठेवतात. आखूड ठेवला तर जेवलेलं अन्न वर चढून यकृताच्या नळ्यांत शिरतं आणि वारंवार ताप येतो. कापलेलं वरचं टोक, ज्यातून जठरातलं अन्न येतं, ते या हाताला पन्नास-साठ सेंटिमीटर खाली बाजूने जोडतात. म्हणजे एका फांदीतून पित्त येतं, दुसरीतून अन्न येतं आणि दोन्ही खाली एकत्र होतात. स्वित्झर्लंडमधल्या लोझानचे सर्जन सेझार रू यांच्यावरून याला 'रू-एन-वाय' म्हणतात.

शेवटी मुख्य जोड. आतड्याचं कापलेलं टोक बंद करून त्याच्या थोडं खाली बाजूला नवं भोक पाडतात. ते नळीच्या तोंडापेक्षा जरा लहानच ठेवतात, कारण आतडं ताणून मोठं होतं. टाके पीडीएस या विरघळणाऱ्या धाग्याचे, चार-शून्य किंवा पाच-शून्य जाडीचे, एकेक सुटा, साधारण तीन मिलिमीटर अंतरावर घालतात. नळीचं आतलं अस्तर आतड्याच्या आतल्या अस्तराला भिडलंच पाहिजे. जिथे अस्तर भिडत नाही तिथे व्रण भरतो आणि व्रण आकसतो. धागा न विरघळणारा वापरला, उदाहरणार्थ रेशमी, तर वर्षांनंतर त्याच्याभोवती पित्ताचा खडा जमतो. पीडीएसचा धागा सहा-सात महिन्यांत विरघळून जातो. पडद्यातली खिडकी शेवटी शिवून घेतात, नाही तर तिच्यात आतडं अडकू शकतं.

जोडाशेजारी एक नळी ठेवतात. तिच्यातून पाचव्या दिवसाच्या आसपास पित्त येत नाही असं दिसलं की ती काढतात. पहिले दोन-तीन दिवस फक्त पाणी आणि पातळ पदार्थ, मग हळूहळू मऊ भात. घरी सात ते दहा दिवसांत. थोडी गळती झाली तरी घाबरू नका. शेजारची नळी वाहती असेल तर ती बहुधा आपोआप थांबते.

प्रश्न : दुरुस्तीला अजून सहा आठवडे आहेत. यकृतात घातलेली नळी आणि तिला जोडलेली, पित्त गोळा करणारी पिशवी घेऊन आईला घरी आणलं आहे. पिशवीची काळजी आणि खाणं याबद्दल सविस्तर सांगाल का? शेजारी म्हणतात, हळद बंद करा, उसाचा रस द्या. – एक वाचक, बेळगाव

उत्तर : हळदीने कावीळ वाढत नाही. रंग पिवळा एवढंच साम्य. उसाच्या रसाने नळी मोकळी होत नाही, आणि रस्त्यावरच्या रसातल्या बर्फाने जुलाब झाले तर आईची तब्येत आणखी खालावेल. नाकात थेंब टाकून कावीळ उतरवणाऱ्यांकडे नेऊ नका. नळी बंद असण्यातून आलेल्या काविळीत त्यामुळे फक्त दिवस जातात.

रोज एकाच वेळी पिशवी रिकामी करून मिलिलिटरमध्ये वहीत लिहा. पिशवी कमरेच्या खाली राहील अशी बांधा. नळी त्वचेजवळ चिकटपट्टीने दोन ठिकाणी पक्की करा, कारण रात्री कुशीवर वळताना ओढ बसून ती सटकते. ड्रेसिंग दोन-तीन दिवसांनी बदला, ओलं झालं तर लगेच. डॉक्टरांनी सलाइनने धुवायला सांगितलं असेल तर निर्जंतुक सिरिंजने पाच ते दहा मिलिलिटर सावकाश आत सोडा. परत ओढू नका, जोर लावू नका. जोर लावून ढकललेलं सलाइन जंतूंसह यकृतात जातं आणि तासाभरात थंडी वाजून ताप भरतो.

अचानक पित्त येणं कमी झालं आणि अंग गरम लागलं, पिशवीत लाल रक्त दिसलं, किंवा नळीवरची खूण बाहेर सरकली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. सरकलेली नळी घरी आत ढकलू नका.

रोज पाचशे मिलिलिटर पित्त बाहेर जातं तेव्हा त्यासोबत मीठ आणि बायकार्बोनेटही जातं. आठवड्याभरात माणूस गळून जातो, लघवी कमी होते, उभं राहिल्यावर चक्कर येते. नुसतं पाणी देऊन हे भरून निघत नाही. डॉक्टरांना विचारून, जेवढं पित्त जातं साधारण तेवढंच ओआरएसचं पाणी दिवसभरात थोडं थोडं द्या. सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन आठवड्याला तपासा. काही केंद्रांत गोळा झालेलं पित्त गाळून नाकातून आतड्यात घातलेल्या नळीवाटे परत देतात. हा चांगला उपाय आहे, पण रुग्णालयाच्या देखरेखीखालीच.

पित्त आतड्यात पोचत नाही म्हणून स्निग्ध पदार्थ पचत नाहीत आणि ए, डी, ई, के ही जीवनसत्त्वंही शोषली जात नाहीत. 'के' कमी पडलं की रक्त गोठत नाही. पीटी-आयएनआर (रक्त गोठायला लागणारा वेळ) तपासून डॉक्टर 'के'चं इंजेक्शन देतात. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हे आठवण्यापेक्षा आत्ताच विचारून ठेवा. जेवणात तेल-तूप कमी, प्रथिनं भरपूर : वरण, मुगाची खिचडी, दही, ताक, अंड्यातला पांढरा भाग, आवडत असतील तर वाफवलेले मासे. उपास नकोत. सहा आठवड्यांत आईचं वजन आणि रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन सुधारलं तर शस्त्रक्रियेनंतरची जखम लवकर भरते.

प्रश्न : पित्ताची पिशवी काढल्यावर पित्त वाढतं का? मला सकाळी आंबट ढेकर येतात. – एक वाचक, कोपरगाव

उत्तर : मराठीत 'पित्त' हा एकच शब्द तीन गोष्टींना वापरतात आणि मोठा घोळ होतो. आंबट ढेकर हे जठरातलं आम्ल, अंगावर उठणारं पित्त ही ॲलर्जी, आणि यकृतातलं हिरवट पिवळं पित्त हे तिसरंच. पिशवी पित्त बनवत नव्हती, फक्त साठवत होती. ढेकरांसाठी जठराचा उपचार घ्या.

प्रश्न : मला खड्यांसाठी ऑपरेशन सांगितलंय. ही पत्रं वाचून धसका घेतला. आधी काय विचारावं? – एक वाचक, नाशिक

उत्तर : धसका नको. भारतातली पहिली दुर्बिणीतून पित्ताशयाची शस्त्रक्रिया १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी केली. आज तालुक्याच्या गावीही ती रोज होते. मुख्य नळीची दुखापत हजारात तीन ते पाच रुग्णांना होते. सर्रास नव्हे, पण दुर्लक्ष करण्याजोगीही नाही.

बहुतेक दुखापती हात थरथरल्याने होत नाहीत. डोळे फसतात म्हणून होतात. पिशवी वर-बाहेर ओढली की मुख्य नळी आणि पिशवीची नळी एका रेषेत येतात आणि सर्जनला मुख्य नळीच पिशवीची नळी वाटते. म्हणून कापण्याआधी तीन गोष्टी दिसल्याच पाहिजेत, असा नियम आहे : पिशवी आणि यकृत यांच्यामधल्या त्रिकोणातली चरबी व तंतू पूर्ण साफ झालेले, पिशवीचा खालचा एक तृतीयांश भाग यकृतापासून सुटा झालेला, आणि पिशवीत जाणाऱ्या दोनच, फक्त दोनच रचना उरलेल्या. याला 'क्रिटिकल व्ह्यू ऑफ सेफ्टी' म्हणतात. तुमच्या सर्जनला विचारा : "तुम्ही तो व्ह्यू घेता का, त्याचा फोटो किंवा व्हिडिओ मला द्याल का? आणि सूज फार असली तर काय कराल?" शेवटच्या प्रश्नाला चांगलं उत्तर असं : पिशवीचा वरचा भाग काढून खालचा चिकटलेला भाग तिथेच सोडू, किंवा पोट उघडू, किंवा पित्त बाहेर काढणारी नळी ठेवून थांबू. यांतलं काहीही घडलं तर ते अपयश समजू नका, ती सर्जनची समज आहे. "आम्ही कधी ओपन करत नाही" असं अभिमानाने सांगणाऱ्यापेक्षा आम्हाला हा सर्जन जास्त भरवशाचा वाटतो.

प्रश्न : आठ महिन्यांपूर्वी माझी दुरुस्ती झाली. आता दीड-दोन महिन्यांनी एकदा हुडहुडी भरून ताप येतो, क्रोसिन घेतलं की जातो. सोनोग्राफीत 'नळ्यांत हवा' असं लिहिलं आहे. काही बिघडलं का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : हवेची काळजी करू नका. आतडं आणि नळी जोडल्यावर आतड्यातली हवा वर जाणारच. जोड उघडा असल्याचंच ते लक्षण आहे. तापाची काळजी मात्र करायला हवी. दुरुस्तीनंतर थंडी वाजून येणारा ताप म्हणजे पित्तनलिकांचा संसर्ग, असं धरूनच चालायचं. पॅरासिटामॉलने ताप उतरतो, संसर्ग नाही. पुढच्या वेळी त्याच दिवशी रुग्णालयात जा, अँटिबायोटिक सुरू होण्याआधी रक्ताचं कल्चर पाठवायला सांगा.

कारण दोन असू शकतात : जोड आकसत चालला आहे, किंवा आतड्याचा हात आखूड वा अडकलेला असल्याने अन्न वर चढतं आहे. रक्तात बिलिरुबिन (काविळीचा पिवळा घटक) चढण्याच्या बरंच आधी अल्कलाइन फॉस्फेटेज हे विकर चढतं. फक्त 'कावीळ नाही' म्हणून समाधान मानू नका, हा आकडा आधीच्या रिपोर्टांशी ताडून पाहा. एमआरसीपीत यकृतातल्या नळ्या फुगलेल्या दिसल्या तर जोड रुंद करावा लागेल. तोंडातून घातलेली नेहमीची दुर्बीण 'वाय'च्या लांब फांदीतून जोडापर्यंत सहसा पोचत नाही. म्हणून त्वचेतून यकृतात सुई घालून, तिथून फुग्याने जोड ताणतात. एका बैठकीत भागतंच असं नाही, काही आठवड्यांच्या अंतराने दोन-तीनदा करावं लागतं.

बिघडणाऱ्या जोडांपैकी बहुतेक पहिल्या दोन-तीन वर्षांत कळतात, पण दहा वर्षांनीही आकसलेले जोड असतात. त्यामुळे पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी यकृताची रक्ततपासणी करत राहा. रिपोर्ट एकाच फाइलमध्ये तारखेने लावा.

प्रश्न : मुलगी १९ वर्षांची आहे. पित्तनलिकेला जन्मजात फुगा आहे (कोलेडोकल सिस्ट). तिला त्रास जवळजवळ नाही. लग्नाआधी पोटावर एवढा व्रण कशाला, असं घरचे म्हणतात. – एक वाचक, मडगाव

उत्तर : व्रणापेक्षा फुगा जास्त घातक आहे. या मुलींमध्ये पित्ताची आणि स्वादुपिंडाची नळी बहुधा आतड्याच्या भिंतीबाहेरच एकत्र झालेली असते, त्यामुळे स्वादुपिंडाचा रस वर चढून नळीचं अस्तर वर्षानुवर्षं पोळत राहतो. लहानपणी एक टक्क्याच्या आत असलेला कर्करोगाचा धोका विशीनंतर दहा टक्क्यांच्या वर गेल्याचं दिसतं. गरोदरपणात फुग्याचा त्रास एकदम वाढू शकतो, तेव्हा लग्नाआधीचीच वेळ बरी. फुगा पूर्ण काढून, पित्ताशयही काढून, वर सांगितलेल्या 'वाय'ने जोड करतात. योग्य केंद्रात दुर्बिणीतूनही होतं. पूर्वी फुगा न काढता तो नुसताच आतड्याला जोडत असत. कोणा वाचकाचं लहानपणी तसं ऑपरेशन झालं असेल तर आज काही त्रास नसला तरी एकदा दाखवून घ्या, कारण फुग्याचं अस्तर आत तसंच आहे.

प्रश्न : खर्चाचं काय? – बरेच वाचक

उत्तर : महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेशी जोडलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राच्या कक्षात जाऊन रेशनकार्ड, आधार आणि तपासण्यांचे कागद दाखवा. भरती होण्याआधी मंजुरी घ्या. ही योजना आता कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत आहे. दुरुस्तीआधीची ड्रेनेजची प्रक्रिया आणि प्रत्यक्ष शस्त्रक्रिया वेगवेगळ्या वेळी होतात, म्हणून दोन्हींची मंजुरी वेगळी लागेल का ते तिथेच विचारून घ्या.

प्रश्न : नात ४८ दिवसांची आहे. कावीळ उतरत नाही. शी पांढुरकी होते. बाळ अंगाने चांगलं आहे, दूध पितं. सकाळचं कोवळं ऊन दाखवा, होईल बरं, असं सगळे म्हणतात. – एक आजी, परभणी

उत्तर : आजी, उन्हाने ही कावीळ जाणार नाही. शी शाडूच्या मातीसारखी पांढुरकी आणि लघवी लंगोटाला पिवळा डाग पाडणारी असेल, तर यकृतातून पित्त आतड्यात पोचत नाही असा त्याचा अर्थ. बिलियरी अट्रेसिया नावाच्या आजारात बाळाच्या यकृताबाहेरच्या पित्तनलिका आकसून दोरीसारख्या होतात. ही बाळं सुरुवातीला गुटगुटीत दिसतात, त्यामुळेच सगळे फसतात.

जन्मानंतर १४ दिवसांपुढे कावीळ राहिली तर बिलिरुबिनचे दोन्ही आकडे तपासायचे, एकूण आणि 'डायरेक्ट'. डायरेक्ट एक मिलिग्रॅमच्या वर असेल तर कावीळ 'साधी' म्हणता येत नाही. मग चार तास उपाशी ठेवून सोनोग्राफी, आणि गरजेप्रमाणे हिडा स्कॅन (पित्त आतड्यात पोचतं का ते दाखवणारी तपासणी) किंवा यकृताचा बारीक तुकडा काढून तपासणं. या तपासण्यांत आठवडे जाऊ देऊ नका, सगळ्या मिळून चार-पाच दिवसांत झाल्या पाहिजेत. पक्कं निदान शेवटी ऑपरेशन टेबलावर, पित्ताशयात रंगद्रव्य सोडून एक्स-रे काढून होतं.

यावरची शस्त्रक्रिया जपानमध्ये सेंदाई इथल्या तोहोकू विद्यापीठात मोरिओ कासाई यांनी पहिल्यांदा १९५५ साली केली आणि तिला त्यांचंच नाव आहे. दोरीसारख्या झालेल्या नळ्या काढून यकृताच्या दाराशी तो तंतुमय भाग यकृताच्या पातळीत कापतात. त्या कापावर डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म नळ्या उघड्या पडतात. त्यांच्याभोवती आतड्याचा साधारण ४० सेंटिमीटरचा 'वाय'चा हात शिवतात. इथे नळीला टाका घालतच नाहीत, कारण टाका घालण्याजोगी नळीच नसते. टाके तिच्याभोवतीच्या भागात घालतात.

हे साठ दिवसांच्या आत झालं तर चांगल्या केंद्रांत निम्म्याच्या आसपास बाळांची कावीळ उतरते. उशीर होतो तसं यकृत कडक होत जातं आणि सूक्ष्म नळ्या नाहीशा होतात. कासाई होऊनही पुढे बऱ्याच मुलांना यकृतप्रत्यारोपण लागतं, पण ते काही वर्षं पुढे ढकललं जातं, आणि मोठ्या मुलात ते अधिक सुरक्षित असतं. तैवानमध्ये २००४ पासून प्रत्येक नवजात बाळाच्या घरी शीच्या रंगांचं कार्ड देतात. आईने रंग जुळवायचा आणि पांढऱ्या गटातला निघाला तर फोन करायचा. आपल्याकडे ते कार्ड नसलं तरी तुमच्या डोळ्यांनी तेच काम केलं आहे.

बाळाला आईचं दूध चालू ठेवा. जाताना भरलेला लंगोट प्लॅस्टिकच्या पिशवीत सोबत न्या, डॉक्टरांना रंग प्रत्यक्ष दिसू द्या. 'के' जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं का ते विचारा, कारण या बाळांना डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो. बालशल्यचिकित्सा विभाग असलेल्या वैद्यकीय महाविद्यालयात सोमवारची वाट न बघता उद्याच जा. साठ दिवसांना तुमच्याकडे बारा उरले आहेत.